बारा इंचांचा पंचनामा

रॉक बँडच्या एलपीवर त्या बँडचाच फोटो असायचा, त्या काळातलं काय काय गेलं याची ही नोंद. काळ ढोबळमानाने 1963 ते 1980. जागा बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या. गेलेल्यांत काही इमारती आहेत, काही सवयी आणि काही अडचणी. अडचणी जास्त.

आकार

एलपी बारा इंची, कव्हर त्याहून जरासं मोठं. चौकोनाची बाजू साधारण 31 सेंटिमीटर. कोलंबिया कंपनीने एलपी 1948 मध्ये आणली. 1982 मध्ये सीडी आली आणि बाजू 12 सेंटिमीटरवर उतरली. क्षेत्रफळ सहाव्या भागापेक्षाही कमी झालं. आता फोनवर ते चित्र अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. मोठ्या कव्हरवर चौघांपैकी कोण कॅमेऱ्याकडे बघतोय, कोण कंटाळलाय, कुणाचा बूट फाटलाय हे दिसायचं. नखाएवढ्या जागेत चार माणसं मावत नाहीत. एक चेहरा मावतो, किंवा एक रंग.

जिना

बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’साठी 1963 मध्ये अँगस मॅकबीन यांनी लंडनच्या मँचेस्टर स्क्वेअरमधल्या ईएमआयच्या कचेरीत फोटो काढला. चौघं कठड्यावरून वाकून खाली बघताहेत, मॅकबीन तळाशी. 1969 मध्ये चौघं त्याच कठड्यावर, त्याच छायाचित्रकारासमोर पुन्हा उभे राहिले. दाढ्या, लांब केस, मध्ये सहा वर्षं. दोन्ही वेळचे फोटो 1973 च्या लाल आणि निळ्या संकलनांवर छापले गेले. कंपनीने 1995 मध्ये ती कचेरी सोडली आणि जाताना कठडा काढून सोबत नेला. 2012 मध्ये कंपनीचीच वाटणी होऊन विक्री झाली.

खिडकीचा उजेड

‘विथ द बीटल्स’, 1963. बोर्नमथचं पॅलेस कोर्ट हॉटेल. रॉबर्ट फ्रीमनकडे स्टुडिओ नव्हता, दिवे नव्हते, बँडचे कार्यक्रम चालू असल्याने वेळही नव्हता. हॉटेलच्या जेवणघरात एका बाजूला मोठी खिडकी होती आणि मागे गडद पडदा. चौघांना काळे पोलोनेक घालायला लावून त्याने खिडकीच्या उजेडात फोटो काढला. अर्धे चेहरे उजेडात, अर्धे अंधारात. रिंगो बँडमध्ये सगळ्यांत शेवटी आला, म्हणून त्याला खालच्या कोपऱ्यात बसवलं. फ्रीमनला 75 पौंड मिळाले. त्यानंतर कित्येक बँडनी ते अर्धे चेहरे उचलले.

घर

क्रॉसबी, स्टिल्स आणि नॅश, 1969. हेन्री डिल्ट्झने तिघांचा फोटो वेस्ट हॉलिवूडच्या पाम ॲव्हेन्यूवरच्या एका सोडून दिलेल्या घरासमोर काढला. बाहेर पडलेला जुना सोफा, त्यावर तिघे. बसलेल्यांचा क्रम नॅश, स्टिल्स, क्रॉसबी. बँडचं नाव ठरलं ते नेमकं उलट्या क्रमाने. फोटो पुन्हा काढू, योग्य क्रमाने बसू, असं ठरवून मंडळी थोड्याच दिवसांत परत गेली. घर पाडून झालं होतं. म्हणून चुकीचा क्रम तसाच छापला गेला. या यादीतली सर्वांत लवकर गेलेली जागा हीच.

काच

‘मॉरिसन हॉटेल’, 1970. डोअर्सचा अल्बम, फोटो पुन्हा डिल्ट्झचाच. लॉस एंजेलिसच्या साउथ होप स्ट्रीटवर त्या नावाचं खरंच एक हॉटेल होतं. खोलीचं भाडं अडीच डॉलरपासून. मालकाच्या परवानगीशिवाय फोटो काढू देणार नाही, असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. तो काउंटर सोडून लिफ्टने वर गेला, तेवढ्यात बँड आत धावला आणि काचेमागे बसला. डिल्ट्झने रस्त्यावरून फोटो काढले आणि सगळे पसार झाले. डिसेंबर 2024 मध्ये ती रिकामी पडलेली इमारत आगीत सापडली.

ढिगारा

‘हूज नेक्स्ट’, 1971. द हू बँड कार्यक्रमासाठी इंग्लंडात गाडीने फिरत होता. डरहममधल्या ईझिंग्टन कोळसाखाणीच्या टाकाऊ ढिगाऱ्यातून वर आलेला काँक्रीटचा खांब दिसला, गाड्या थांबल्या. चौघं त्या खांबावर लघवी करून नुकतेच वळलेत, असा एथन रसेलचा फोटो आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना ऐनवेळी जमलं नाही, म्हणून फिल्मच्या रिकाम्या डब्यात पावसाचं पाणी भरून खांबावर ओतलं. खाण 1993 मध्ये बंद झाली. फिल्मचा डबा त्यानंतर थोडी वर्षं टिकला.

खोटं गाव

ईगल्सचा ‘डेस्परॅडो’, 1973. गाणी दरोडेखोरांची, म्हणून बँडला बंदुका-टोप्या देऊन कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट रँचवर नेलं. चित्रपटांसाठी बांधलेलं लाकडी गाव होतं ते. पुढच्या बाजूला जिवंत दरोडेखोर, मागच्या बाजूला तेच मारले गेलेले, जमिनीवर ओळीने पडलेले. नोव्हेंबर 2018 च्या वूल्झी वणव्यात ते गाव जळलं.

सहा फ्रेम

8 ऑगस्ट 1969. ॲबी रोड. बीटल्सच्या त्याच नावाच्या अल्बमसाठी इयन मॅकमिलन रस्त्याच्या मधोमध शिडीवर. एका पोलिसाने वाहतूक अडवून धरली. जेमतेम दहा मिनिटांचं काम. चौघं झेब्रा क्रॉसिंगवरून ये-जा करत राहिले आणि मॅकमिलनने सहा फ्रेम घेतल्या. पाचवी निवडली, कारण तिच्यात सगळ्यांची पावलं जुळली होती. पॉल अनवाणी होता, त्याचं कारण उन्हाळा. फोटोतली एक गोष्ट मात्र कायद्याने राखली गेली: 2010 मध्ये त्या क्रॉसिंगला संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. सहा फ्रेमांत काम संपवायची सक्ती कुणी राखू शकलं नाही. आता सहाशे काढतात आणि निवडायला आठवडा लागतो.

चूक

‘रबर सोल’, 1965. फ्रीमन बीटल्सना स्लाइड दाखवत होता. कव्हरच्या मापाचा पुठ्ठा पडदा म्हणून उभा केला होता. पुठ्ठा मागे कलला, चेहरे लांबट ताणले गेले. असाच छापता येईल का, असं चौघांनी विचारलं. छापता आला.

विंग्ज बँडचा ‘बँड ऑन द रन’, 1973. पळून जाताना पकडलेल्या कैद्यांचा देखावा, भिंतीवर प्रकाशझोत. क्लाइव्ह ॲरोस्मिथने चुकीची फिल्म वापरली, म्हणून फोटोवर पिवळट झाक आली. ती तशीच राहिली आणि शोभली.

‘लंडन कॉलिंग’, 1979. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये क्लॅशचा पॉल सिमनन बेस गिटार जमिनीवर आपटतोय. फोटो नीट फोकसमध्ये नाही म्हणून तो वापरायला खुद्द छायाचित्रकार पेनी स्मिथचाच विरोध होता. बँडने ऐकलं नाही. पॅलेडियम पुढे पाडलं. त्या जागी विद्यापीठाचं वसतिगृह आहे, नाव पॅलेडियमच.

या तिन्ही चुका आज पडद्यावर दिसताक्षणी दुरुस्त झाल्या असत्या.

सव्वाशे डॉलर

रमोन्स, 1976. रेकॉर्ड कंपनीने पैसे मोजून काढवून घेतलेले फोटो पसंत पडले नाहीत. रोबर्टा बेलीने ‘पंक’ या मासिकासाठी न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या एका विटांच्या भिंतीसमोर चौघांना उभं केलं होतं. कंपनीने त्यातला एक फोटो 125 डॉलरना घेतला. फाटक्या जीन्स, चामडी जाकिटं, खिशात हात. पुढची पन्नास वर्षं नवे बँड भिंत शोधत फिरले.

नाव नसणं

रोलिंग स्टोन्सचा पहिला ब्रिटिश अल्बम, 1964. निकोलस राइटचा फोटो, काळोखात पाच जण. समोर बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डम यासाठी डेक्का कंपनीशी भांडला. अमेरिकेत तोच फोटो मोठ्या मथळ्यासकट निघाला. ‘ॲबी रोड’च्या दर्शनी बाजूलाही अक्षर नाही. चेहरे बघून लोक ओळखतील, हा आत्मविश्वास त्यात होता. आता चित्राखाली नाव ॲपच छापतं. त्यामुळे नाव न लिहिण्यात धाडस उरलेलं नाही.

गर्दी

‘सार्जंट पेपर’, 1967. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी प्रसिद्ध माणसांची माणसाच्या उंचीची पुठ्ठ्याची चित्रं कापून, रंगवून उभी केली. मायकेल कूपरच्या स्टुडिओत बीटल्स त्यांच्यापुढे उभे राहिले. नेहमीच्या कव्हरला 50 पौंडांच्या आसपास खर्च यायचा, याला सुमारे 3,000 आला. परमहंस योगानंद, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर गिरी आणि महावतार बाबाजी हे चौघे जॉर्ज हॅरिसनमुळे त्या गर्दीत आले. गांधीजीही होते. भारतात लोक दुखावतील, अशी ईएमआयचे प्रमुख सर जोसेफ लॉकवूड यांना धास्ती वाटली. गांधीजींना काढलं.

मागे घेतलेलं कव्हर

बीटल्सचा ‘यस्टरडे अँड टुडे’, 1966, अमेरिका. रॉबर्ट व्हिटेकरच्या फोटोत चौघं खाटकाच्या कोटात, अंगावर मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या. ओरड झाली, कव्हरं परत मागवली आणि त्यांतल्या कित्येकांवर नवा, सभ्य फोटो चिकटवून ती पुन्हा दुकानांत पाठवली. लोक वाफेवर धरून वरचा कागद सोलू लागले. पुढच्याच वर्षी मोबी ग्रेपच्या कव्हरवर ड्रमरचं मधलं बोट दिसलं. पुढच्या छपाईत ते रंगाच्या फवाऱ्याने पुसलं.

लिनर्ड स्किनर्डचा ‘स्ट्रीट सर्व्हायव्हर्स’ 17 ऑक्टोबर 1977 ला आला. कव्हरवर बँड ज्वाळांमध्ये उभा. 20 ऑक्टोबरला बँडचं विमान कोसळलं. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची गायिका बहीण कॅसी गेन्स दगावले. कंपनीने ज्वाळा काढून काळ्या पार्श्वभूमीचं कव्हर आणलं. ज्यांनी त्या तीन दिवसांत रेकॉर्ड घेतली, त्यांच्याकडे पहिलं राहिलं. आज कव्हर बदललं की ते सगळ्यांच्या फोनवर एकदमच बदलतं. जुनं कुणाकडे उरत नाही.

चेहरा

‘क्वीन टू’, 1974. मिक रॉकने मार्लिन डीट्रिचच्या एका जुन्या फोटोवरून कल्पना घेतली. अंधारात चार चेहरे, वरून उजेड, मधोमध छातीवर हात दुमडलेला फ्रेडी मर्क्युरी. हाच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला फारुख बलसारा, तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडचा पियानोवादक. 1975 मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडिओत चौघं अगदी तसेच उभे राहिले आणि कव्हरवरचे चेहरे गाऊ लागले. 1 ऑगस्ट 1981 ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. बँड दिसतो कसा, हे सांगायचं कव्हरचं काम तिथून व्हिडिओकडे गेलं.

चेहरा नको असणं

पिंक फ्लॉइडने चेहरे आपणहून काढले. 1969 च्या ‘उमागुमा’वर चौघं आहेत. भिंतीवरच्या चित्रात तेच चित्र, प्रत्येक वेळी जागा बदललेल्या. 1971 च्या ‘मेडल’मध्ये ते कव्हरच्या आतल्या बाजूला गेले. 1973 च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’वर लोलक आणि प्रकाशाचा किरण. अल्बम अफाट खपला. माणसांशिवायही चालतं, हे कंपन्यांना कळलं. तेव्हा दोष एकट्या फोनला देता येत नाही.

मागची बाजू

ऑलमन ब्रदर्सचा ‘ॲट फिलमोर ईस्ट’, 1971. जिम मार्शलने जॉर्जियातल्या मेकनमध्ये बँडला सामानाच्या पेट्यांसमोर बसवलं. कुणी हसायला तयार नव्हतं. ड्वेन ऑलमनला रस्त्यात ओळखीचा माल विकणारा दिसला. तो धावत गेला, पुडी घेऊन परत येऊन बसला आणि सगळे फुटले. ते हसू पुढच्या बाजूला आहे. मागच्या बाजूला, त्याच पेट्यांसमोर, सामान उचलणारी मंडळी बिअरचे डबे घेऊन बसली आहेत. हमालांना पुठ्ठ्याची अख्खी एक बाजू मिळाली होती. फोनवरच्या चित्राला मागची बाजू नाही.

दुकान

आपल्याकडे या कव्हरांपैकी काही दमदमच्या ग्रामोफोन कंपनीच्या छपाईत आली, काही परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगांतून. मुंबईत ती बघायची जागा म्हणजे काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस. विकत घेणं परवडत नसलं तरी हातात धरून उलटंपालटं करता यायचं. ते 2016 मध्ये बंद झालं.

परत आलेलं

एलपी परत आली आहे. अमेरिकेत 2022 मध्ये, 1987 नंतर प्रथमच, सीडींपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या. म्हणजे आकार परत मिळाला. परवानगी न मिळणं, फिल्म संपणं, उजेड कमी पडणं, घर पाडलं जाणं, पुन्हा काढायला पैसे नसणं, हे परत आलं नाही. वरच्या नोंदींतले बहुतेक फोटो यांतल्या कुठल्यातरी अडचणीतून निघाले आहेत. चार माणसं एका ठिकाणी, एका वेळी खरोखर उभी होती याची ती साक्ष आहे. आज ते घर नाही, जिना नाही, त्यांतली बरीच माणसंही नाहीत, म्हणून साक्षीचं मोल वाढलं आहे.

घरात अशी कव्हरं असतील तर रद्दीत घालू नका, आणि गाणी फोनवर मिळतात म्हणून नुसती तबकडी ठेवून कव्हर फेकू नका. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, बारीक टाइपात छायाचित्रकाराचं नाव असतं ते वाचा. बहुतेक ॲपमध्ये त्या नावासाठी जागाच ठेवलेली नाही.