शिवणीतला कागद

कापडाला आकार यावा म्हणून त्याच्या आत कागद घालावयाचा, आणि आकार पक्का झाला की तोच कागद काढून टाकावयाचा, ही रीत प्रथम ऐकली तेव्हा ती मला अनाठायी खटाटोपाची वाटली होती. कारण ज्या घरात मी वाढले तेथे गोधडी शिवताना कागद, पट्टी किंवा पेन्सिल यांची गरज कोणाला भासल्याचे मी कधी पाहिले नव्हते. साताऱ्याकडील आमच्या घराच्या ओसरीवर उन्हाळ्यात जुनी इरकली लुगडी आणि विरलेली धोतरे एकावर एक अंथरली जात, चार बाजूंना चार बायका बसत, आणि आजी विती-बोटांच्या मापाने कडेपासून आत आत धावदोरा घालीत जाई. पुढे संसाराच्या निमित्ताने मी इंग्लंडातील यॉर्क शहरी येऊन राहिले, मुले मोठी झाली, दुपारी रिकाम्या पडू लागल्या, आणि एका शेजारणीच्या आग्रहावरून चर्चच्या मागील दालनात दर गुरुवारी जमणाऱ्या सात-आठ बायकांच्या शिवणमंडळात जाऊन बसू लागले. तेथे पहिल्याच दिवशी माझ्यापुढे ठेवला गेला तो एक इंच बाजूचा कागदी षट्कोन.

कृती सांगावयास सोपी आहे. कागदाहून चहूबाजूंनी पाव इंच मोठे कापड कापावयाचे, ते कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी अडकवावयाचे, अशा दोन तुकड्यांच्या सुलट बाजू समोरासमोर धरून त्यांच्या कडा बारीक टाक्यांनी जोडावयाच्या, आणि हे करताना सुई कापडाच्या दोन-तीन धाग्यांतूनच न्यावयाची, कागदात शिरू द्यावयाची नाही. मधल्या एका तुकड्याभोवती सहा बसले की फूल होते. त्याच्या बाहेरच्या फेरीला १२ लागतात, त्याही बाहेरच्या फेरीला १८. १२० अंशांचे तीन कोन एका बिंदूपाशी मिळाले म्हणजे तसूभरही फट राहत नाही, ही गोष्ट शाळेतील भूमितीच्या तासाला मी मुखोद्गत केली होती. परंतु तिचा अर्थ बोटांना कळला तो त्या दालनात. कागद कापताना झालेली केसभर चूक पहिल्या फेरीत दृष्टीस पडत नाही, दुसरीत ती आपण अंगठ्याने दाबून निभावून नेतो, आणि तिसरीत कापड असे फुगून उठते की कोणत्याही उपायाने ते सपाट बसत नाही.

माझे पहिले फूल असेच फुगले. मंडळातील वयाने सर्वांत वडील बाईंनी ते हाती घेतले, उलटे केले, आणि पुष्कळ वेळ त्याची मागची बाजूच न्याहाळीत राहिल्या; नंतर त्यांनी आपली लहान कात्री काढली, माझ्याशेजारी खुर्ची ओढून घेतली आणि ते फूल एका बाजूने त्या व दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही दोघींनी मिळून उसवले. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला दोषही दिला नाही आणि माझे समाधानही केले नाही. दुसऱ्याने केलेली चूक स्वतःच्या हाताने उसवावयास बसणे ही मला शिकवण्याची सर्वश्रेष्ठ पद्धत वाटते, आणि ती मी पुढे तेथे येणाऱ्या प्रत्येक नवख्या बाईच्या बाबतीत त्यांना पाळताना पाहिली.

कागदावरच्या शिवणीचा दुसरा प्रकार यंत्रावरचा. त्यात संपूर्ण नक्षीचा आराखडा कागदावर छापलेला असतो, प्रत्येक भागाला अनुक्रमांक दिलेला असतो, कापड कागदाच्या मागच्या अंगाला ठेवून पुढच्या अंगाच्या रेषेबरहुकूम टीप घालावयाची असते, आणि टीप दीड मिलिमीटर इतकी आखूड ठेवावी लागते, म्हणजे कागदाला भोकांची ओळ पडून तो अखेरीस सहज फाटून निघतो. डोळ्यांना दिसते त्याच्या उलट, आरशातल्यासारखे, काम तयार होते. हे ध्यानात न ठेवल्यामुळे मी शिवलेल्या होडीचे शीड एकदा विरुद्ध दिशेला गेले. हा प्रकार वेगाचा आणि अचूक कोनांचा आहे, अणकुचीदार तारे त्यातच उत्तम साधतात. तरीही माझे मन हातशिवणीकडे राहिले, आणि त्याचे कारण तिच्यातला कागद.

कागद दुर्मिळ असण्याच्या काळात इंग्लंडातील बायका साचे कापीत ते घरात पडलेल्या लिखित कागदांतून: जुनी पत्रे, दुकानदारांच्या बिलांचे कपटे, मुलांच्या कित्त्यांची पाने, जमाखर्चाच्या वह्या. काम पुरे झाले की ते कागद निघून जात. काम अर्धवट राहिले, किंवा कागद काढावयाचे राहून गेले, म्हणजे मात्र ते आतच राहत, आणि आज संग्रहालयांतील अभ्यासक अशा मागच्या बाजू वाचून ती वस्तू साधारण कोणत्या काळातली याचा अंदाज बांधतात. ब्रिटनमधील क्विल्टर्स गिल्ड या संस्थेच्या संग्रहात १७१८ सालचे एक रेशमी पांघरूण आहे. त्याच्या तुकड्यांतच ते साल आणि दोन आद्याक्षरे शिवलेली आहेत, आणि त्याचे कागद अजून आत आहेत. ती आद्याक्षरे हे मी कारागिरीहून मोठे धैर्य मानते. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर चांगीच्या तुरुंगात स्थानबद्ध झालेल्या लहान मुलींनी मिळेल त्या चिंध्यांतून षट्कोनांची फुले जोडून एक रजई केली व तीवर आपापली नावे दोऱ्याने घातली. ती आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जतन केलेली आहे.

याच ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते. वडील बाईंनी एकदा फुलाफुलांचा सुती तुकडा पुढे करून त्याला ‘चिंट्झ’ म्हटले, आणि आमच्या भाषेत याला ‘चीट’ म्हणतात असे मी म्हणताच सगळ्यांच्या सुया क्षणभर थांबल्या. तो शब्द आणि ते कापड दोन्ही हिंदुस्थानातून गेलेली. त्या कापडाने इंग्लंडातील बाजार असा काबीज केला की विलायती विणकरांच्या कैफियतींवरून पार्लमेंटला १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घालणारा कायदा करावा लागला आणि तो १७७४ पर्यंत उठला नाही. माझ्या आजीच्या तोंडी जो शब्द घरगुती होता, तो साता समुद्रांपलीकडच्या शिवणाच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आलेला पाहून मला त्या दालनात प्रथमच परकेपणा वाटेनासा झाला.

माझ्या षट्कोनांचे कागद मी आईच्या घरून आणले होते. आई गेल्यावर घर रिकामे करताना ‘कालनिर्णय’च्या काही वर्षांच्या प्रती सापडल्या, कागद मजबूत, दुमड धरणारा, म्हणून मी त्या बरोबर घेतल्या आणि निःशंकपणे कापल्या. एका गुरुवारी शेजारच्या बाईने माझ्या फुलाच्या मागे निळ्या शाईतील अक्षरे पाहून ती वाचून दाखवण्यास सांगितले. मी वाचू लागले: एका तारखेच्या चौकोनात ‘दीड’, दुसऱ्यात ‘१’, तिसऱ्यात ‘खाडा’. दुधाचा हिशेब होता तो. ज्या दिवशी गवळी आला नाही त्या दिवसाला खाडा म्हणतात, हे त्यांना सांगता सांगता माझे लक्ष गेले की एका महिन्यात ओळीने अकरा दिवस ‘दीड’च्या जागी ‘अडीच’ आहे. आणि तो महिना मी मुलांना घेऊन माहेरी राहिले होते तो होता. त्यानंतर त्या फुलातला एकही कागद माझ्याने काढवला नाही, आणि मंडळातील कोणीही मला तो काढ म्हणाले नाही.

तेव्हापासून मला एका गोष्टीची रुखरुख लागून राहिली आहे. आमच्या घरी आजीच्या हातची एक गोधडी होती. गोधडी विरली की ती टाकीत नसत, तिच्यावर नव्या जुनेराचा थर चढवून पुन्हा धावदोरा घालीत. त्यामुळे तिच्या पोटात आजीची, तिच्या सासूची, कदाचित तिच्याही आधीच्या बाईची लुगडी एकाखाली एक दडलेली असणार. घर रिकामे करताना लोखंडी कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून ती टेम्पोत कपाटाभोवती गुंडाळली गेली, आणि ती परत मागून घेण्याचे त्या गडबडीत मला सुचले नाही. इंग्रज बायकांच्या अपुऱ्या कामातले कपटे भिंग लावून वाचले जात असलेले मी ऐकले, आणि आमच्या घरातील तीन पिढ्यांचे दप्तर मी एका टेम्पोवाल्याच्या हवाली करून मोकळी झाले. तिच्यावर ना साल होते, ना नाव. आमच्याकडे शिवणारीने नाव घालण्याची चालच नव्हती.

आपल्या घरात अशी एखादी गोधडी किंवा वाकळ अजून असेल, तर ती फरशी पुसण्याला किंवा सामान बांधण्याला जाण्यापूर्वी तिच्या एका कडेची वीतभर शिवण उसवून आतले थर पाहावेत, घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून कोणते लुगडे कोणाचे हे लिहून घ्यावे, आणि शिवणारीचे नाव व साल कापडाच्या तुकड्यावर दोऱ्याने घालून तो तुकडा आतून टाचून ती कड पुन्हा शिवून टाकावी, एवढी माझी वाचकांना विनंती आहे.