मोऱ्याचं देणं

मला पोलिओ झाला तेव्हा मी वर्षाचा होतो. साल १९६२. दोन दिवसांनी ताप उतरला, पण डावा पाय पुन्हा उचलला गेला नाही, असं आई सांगायची. पोलिओची लस तेव्हा उरणजवळच्या आमच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यापर्यंत आली नव्हती. आता साठी ओलांडली आहे. हिशेबाच्या वह्या लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःचा हिशेबही मांडावासा वाटतो. माझ्या जमेच्या बाजूला जे आहे, ते बहुतेक दुसऱ्यांनी टाकलेलं आहे. त्या माणसांविषयी लिहायचं आहे.

लहानपणी आई मला लाँचने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून हाजी अलीला न्यायची. तिथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत माझ्या पायाचं माप घेऊन कॅलिपर केला. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली जड बूट आणि गुडघ्याजवळ खटका. उभं राहताना खटका लावायचा, बसताना सोडायचा. मूल वाढतं तसा कॅलिपरही वाढवावा लागतो, म्हणून ही वारी वर्षानुवर्षं चालली. आमच्या खाऱ्या हवेत लोखंड लगेच गंजायचं. आई रोज रात्री सांध्यांना खोबरेल चोळायची. त्या दिवशी घरात मासळी विकून किती पैसे आले, याचा आणि त्या तेलाचा तिने कधी संबंध लावला नाही.

हाजी अलीला उपचार मिळतात, हे मी गृहीत धरलं होतं. ते कुणामुळे मिळतात, हे फार उशिरा वाचलं. चाळीसच्या दशकात फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुंबईत धड उपचार नव्हते. त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉ. किणी यांच्याकडे गेल्या, उपचार कसे करतात ते समजून घेतलं आणि १९४७ साली मुंबईत दुसऱ्यांच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीची संस्था १९५५ साली उभी राहिली, तिच्यामागेही त्यांच्या खटपटीचा वाटा होता. एका आईने आपल्या मुलीपुरतं पाहिलं नाही, म्हणून मोऱ्याची दुसरी एक आई आपला मुलगा घेऊन तिथे जाऊ शकली. दोघींची कधी गाठ पडली नाही. मी मात्र दोघींचा ऋणी आहे.

हाजी अलीपर्यंत पोचण्याआधी लाँच चढावी लागे. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचतो. भरतीला लाँच धक्क्याला लागते आणि पाऊल टाकलं की माणूस आत. ओहोटीला तीच लाँच पार खाली जाते, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून हलत्या काठावर पाय ठेवावा लागतो. पाणी फारच ओसरलं तर लाँच येतच नाही. धडधाकट माणूसही तिथे जपून उतरतो. मला पाहिलं की लोक मायेने धावत यायचे आणि काखेत हात घालून उचलायचे. त्यात कॅलिपरचा पाय अडकायचा, तोल जायचा. एक वयस्क खलाशी होता. तो आधी समोर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "कुठं धरू, बाला?" मी म्हणायचो, "काका, धरू नका. खांदा द्या." मग तो तसाच स्थिर उभा राहायचा आणि मी त्याच्या खांद्यावर हात टेकून माझा मी उतरायचो. माझ्या शरीराबद्दल मला आधी विचारणारा तो पहिला माणूस. पुढे अनेक डॉक्टर भेटले, समाजसेवक भेटले. मदत कशी करावी, याचा पाठ मी त्याच्याकडूनच घेतला.

उरणच्या शाळेत दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरायचे. शेजारचा मुलगा मला पाठीवर घेऊन जिना चढायला तयार होता, आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मुख्याध्यापकांनी वेगळा विचार केला. वर्षाच्या सुरुवातीला आमची तुकडी तळमजल्यावर आणली आणि खालची वर पाठवली. कारण कुणाला सांगितलं नाही, की मला बोलावून उपकाराची जाणीव करून दिली नाही. मी रोज इतरांसारखा दारातून आत जात होतो, इतकंच. एका मुलासाठी अख्खा वर्ग खाली आणता येतो, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. आपल्या पायात जी अडचण आहे असं मी समजत होतो, तिच्यातली निम्मी तरी जिन्यात होती. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, त्या सरांनी शिकवलं.

शिक्षण संपल्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत हिशेब लिहायला लागलो. अपंगांसाठी संसदेचा पहिला मोठा कायदा १९९५ चा, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. माझ्यासाठी राखीव जागा वगैरे नव्हती. संस्थेला डिझेल, बर्फ, जाळी यांची नोंद नीट ठेवणारा माणूस हवा होता आणि गणित मला येत होतं. सुरुवातीला कोळणी माझ्याकडे बघून हळहळायच्या. मग हळूहळू टोपलीचे, उधारीचे, भिशीचे हिशेब माझ्याकडून तपासून घेऊ लागल्या. एखादा आकडा चुकला तर तिथेच खडसावायच्या. ते खडसावणं मला फार मोलाचं वाटतं. दया करणारा माणूस चूक पोटात घालतो. माझ्या कामावर ज्यांचं घर चालत होतं, त्यांनी मला तशी सूट दिली नाही आणि म्हणून मी गावाचा कामाचा माणूस झालो.

पन्नाशीनंतर दुसरं संकट आलं. लहानपणी पोलिओ झालेल्या अनेकांचे उरलेले स्नायूही पुढे थकतात. माझा उजवा पाय दगा देऊ लागला. डॉक्टरांनी चाकाची खुर्ची सुचवली. मी नको म्हटलं. खुर्चीत बसणं म्हणजे आईच्या इतक्या वर्षांच्या तेलावर पाणी, असं मनाने घेतलं होतं. त्या दिवसांत भाचीने नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आणून दिलं. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालेली ही मुलगी. तसंच अपंगत्व घेऊन भरभरून जगणारे बाबूकाका दिवाण तिला भेटतात आणि ती सावरते. कोल्हापुरात सरकारी नोकरी करते, आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करते. मुलांसाठी वसतिगृह, शिक्षण, पुढे सिंधुदुर्गात काजूचा प्रकल्प. नसीमादीदींनी हे सगळं खुर्चीत बसून केलं. खुर्ची त्यांना थांबवत नव्हती, कामावर नेत होती. पुस्तक संपलं त्या आठवड्यात मी खुर्ची मागवली.

आता निवृत्तीनंतर गावातल्या आणि आसपासच्या पाड्यांतल्या अपंग माणसांचे कागद करून देतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, सरकारी नोकरीतलं आरक्षण तीनावरून चार टक्के केलं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्याचा नियम आहे. पण बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. म्हणजे करंजाहून रेवसची लाँच, पुढे रस्ता. ज्याला घराचा उंबरा ओलांडता येत नाही, त्याने आपण चालू शकत नाही हे सिद्ध करायला खाडी ओलांडायची. म्हणून कुणी एकटं जाऊ नये असं आम्ही ठरवलं आहे. वाड्यातली पोरं सोबत येतात. लाँचजवळ पोचलं की मी त्यांना सांगतो, उचलायच्या आधी विचारा.

जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली. दिव्यांगांच्या डब्यात बसून मी नेरूळला जाऊन आलो, तेव्हा डोळे भरून आले. मोऱ्याच्या धक्क्यावर मात्र ओहोटीला खुर्ची आजही उतरत नाही. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का तिथे व्हावा, यासाठी आम्ही अर्ज करतो आहोत, आणि करत राहू. त्या अर्जावर माझ्या सहीखाली धडधाकट माणसांच्या सह्या अधिक आहेत. ज्यांना त्या धक्क्याची गरज नाही, त्यांनी तो मागितला आहे. फातिमाबाईंनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दवाखाना काढला, सरांनी एका मुलासाठी वर्ग खाली आणला, त्याच वळणाचं हे काम आहे. ज्यांनी मला दिलं त्यांतले बरेचजण आता नाहीत, त्यांना परत काही देता येणार नाही. हे देणं पुढच्या माणसाला चुकतं करायचं आहे, आणि मोऱ्यात ते एकट्याने चुकतं करावं लागत नाही, हीसुद्धा या गावाचीच देणगी.