कूस बदलताना

रत्नागिरी, 12 मे

ती. आत्यास,


परवा फोनची रेंज सारखी जात होती, त्यामुळे तुझं अर्धंच बोलणं माझ्यापर्यंत पोचलं. नंतर मुंबईहून दादाचा फोन आला. आईला लगेच घेऊन येतो आणि एमआरआय काढून टाकतो, म्हणाला. त्याचा जीव तुझ्यात गुंतलाय, मला कळतं. पण त्याआधी तुला आणि काकांना मी एकदा तपासायला हवं. का, ते सविस्तर लिहिते. कागद हाताशी राहील, पुन्हा वाचता येईल.

तू सांगितलंस त्यात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं हे, की तुला नुसतं उभं राहिल्यावर काही होत नाही. रात्री उजव्या कुशीवर वळलीस की होतं, पहाटे उठून बसताना होतं, फळीवरची आमसुलांची बरणी काढायला मान वर केलीस की होतं. घर गरगरतं, तू खाटेची कड घट्ट धरतेस आणि रामरक्षेचे दोन श्लोक म्हणून होईतो सगळं थांबतं. म्हणजे मिनिटाच्या आत. मागे राहते ती मळमळ. कानात आवाज नाही, ऐकायला कमी नाही. हे ऐकून मला पित्ताची शंका येत नाही, मानेच्या मणक्याचीही नाही. आतल्या कानाची येते.

आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारा भाग असतो. त्यात एका पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे चिकटलेले असतात. मांडवीच्या किनाऱ्यावरचे शिंपले ज्याचे बनतात तेच हे द्रव्य. वय झालं, डोक्याला मार बसला, किंवा काहीही कारण नसताना, यातले काही खडे सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळ्यांपैकी एकीत घरंगळतात. बहुतेक वेळा मागच्या नळीत, कारण ती सर्वांत खाली असते. नळीत पाणी असतं. तू कूस बदललीस की खडे खाली सरकतात, पाणी हलवतात, आणि मेंदूला निरोप जातो की डोकं फिरतंय. डोळे सांगतात, फिरत नाहीये. खडे तळाला बसले की सगळं शांत. म्हणूनच चक्कर इतकी थोडा वेळ टिकते.

हे दुखणं काही आजचं नाही. रॉबर्ट बारानी या कानाच्या डॉक्टरने 1921 साली त्याचं वर्णन केलं. 1952 मध्ये लंडनला मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ते पकडायची तपासणी पक्की केली. तिला यंत्र लागत नाही. मी तुला खाटेवर बसवीन, मान उजवीकडे अर्धी वळवीन आणि झटकन मागे निजवीन, डोकं खाटेच्या कडेबाहेर थोडं खाली. मग तुझ्या डोळ्यांकडे बघत राहीन. दोन-चार सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं अचानक खालच्या कानाच्या दिशेने फिरत, वर झटके देत उडू लागतात. ते आपोआप मंदावतात आणि थांबतात. निदान तिथेच होतं. त्या क्षणी तुला फार घाबरल्यासारखं होईल, पण मी तुझं डोकं धरून असेन, डोळे मिटू नकोस.

उपाय त्याच खाटेवर. अमेरिकेत पोर्टलंडला जॉन एपली नावाच्या डॉक्टरने तो शोधला. 1980 मध्ये त्याने तो सहकाऱ्यांपुढे मांडला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. डोकं फिरवून चक्कर कशी बरी होईल? त्याचा लेख छापून यायला 1992 उजाडलं. आज जगभर हाच पहिला उपचार आहे. डोकं उजवीकडे लोंबतं ठेवून थांबायचं, मग डावीकडे वळवायचं, मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि मग सावकाश उठून बसायचं. प्रत्येक ठिकाणी अर्धं-पाऊण मिनिट. वेड्यावाकड्या पाइपात अडकलेला खडा पाइप फिरवत फिरवत बाहेर काढावा, तसं आपण नळीतले खडे परत मूळ जागी नेऊन सोडतो. दहांपैकी आठ जणांना एक-दोन खेपांत आराम पडतो. मागच्या महिन्यात एक काकू मुलाच्या खांद्यावर भार टाकून आल्या होत्या. महिनाभर बसूनच झोपत होत्या, पाठ टेकायची भीती. जाताना आपल्या पायांनी जिना उतरून गेल्या. या उपचारानंतर दोन रात्री बसून झोपायला सांगायची पद्धत होती, तिचीही गरज नाही. मात्र पहिल्यांदा हे घरी करू नकोस. कान कुठला आणि नळी कुठली ते आधी कळायला हवं.

मला राग येतो तो गोळ्यांचा. चक्कर म्हटली की पट्टी लिहून दिली जाते, आणि ती महिनोन् महिने चालू राहते. कुठलीही गोळी खडे हलवत नाही. उलटी फार असेल तर दोन-तीन दिवस घेणं ठीक. पण प्रोक्लोरपेराझिनसारखं औषध म्हाताऱ्या माणसाला बरेच दिवस दिलं तर हात कापायला लागतात, चाल मंदावते, आणि मग त्याच्यावर आणखी एक गोळी सुरू होते. मानेला पट्टा लावतेस, तोही काढून ठेव. साठीनंतर कुणाच्याही मानेच्या एक्स-रेत मणके झिजलेलेच दिसतात, म्हणून चक्कर त्यांचीच असं नाही.

हे दुखणं परत येऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवते. आलं तर पुन्हा खाटेवर निजवू. तुझं ड जीवनसत्त्वही तपासायचं आहे. 2020 साली कोरियात हजारभर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ते ज्यांचं कमी होतं त्यांना पूरक दिल्यावर अशी चक्कर कमी वेळा उलटली.

आता काका. त्यांची चक्कर वेगळी. घर फिरत नाही, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, तीही रात्री लघवीला उठताना. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. गळ्यातल्या धमनीतले मज्जातंतू ते ओळखून हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना सावध करतात. वयाने आणि मधुमेहाने ही जाग मंद होते. वर बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी रक्तवाहिन्या सैल करणारी, मे महिन्याचा घाम आणि बागेतलं काम. एकादशीही ते कडक करतात. मी त्यांना पाच मिनिटं निजवून बीपी घेईन, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलावी लागेल. तोवर स्वतःच्या मनाने त्यांनी एकही गोळी बंद करू नये.

तोवर एवढं करा. उठण्याआधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पाऊल घोट्यात खालीवर करायचं, पाणी प्यायचं. अंधारी आली तर लगेच खाली बसायचं. रात्री लघवीचं भांडं खाटेजवळ ठेव. पडवी उतरून त्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून अंधारात जायचं नाही. पाऊस सुरू झाला की त्यांच्यावर शेवाळ धरतं. मीठ वाढवू नका, त्यांना बीपी आहे. पाणी वाढवा.

आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. पुरुष चाकरीला बाहेर, घर सांभाळणाऱ्या साठीपुढच्या बायका मागे. आणि खड्यांची ही चक्कर बायकांना जास्त होते, पन्नाशीनंतर जास्त. कुणी पडलं की खुबा मोडतो, आणि मग ते माणूस घरातल्या घरात अडकतं. एका खाटेवर पाच मिनिटांत बरं होण्यासारख्या दुखण्यासाठी असं होऊ नये. इथे 2023 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. तिथून शिकून निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाताला हे जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दादाला सांग, एमआरआय लागला तर मीच पाठवीन. पण बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले, हात किंवा पाय लुळा पडला, चालताच येईना, एकदम ऐकू यायचं बंद झालं, किंवा चक्कर थांबेचना, तर माझी वाट बघायची नाही. 108 ला फोन करून थेट सिव्हिलला.

गुरुवारी सकाळच्या एसटीने दोघंही या, सोबत शेजारच्या वहिनींना आणा. येताना थोडंच खाऊन निघ, तपासताना मळमळेल. काकांच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाल, संपलेल्यासुद्धा, आणि कुणी लिहून दिलेले जुने कागद असतील तर तेही.

तुझी भाची