दहा अक्षरांची सवलत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात २००९ साली मी एक काम घेतलं होतं. तिथं प्लॅस्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे बनत. एक सीएनसी मिलिंग मशीन, आणि त्याला प्रोग्रॅम पुरवणारा डॉसवरचा जुनापुराणा संगणक. संगणक मरायला टेकला होता. नवा घ्यायचा, त्यावर लिनक्स घालायचं, कारण ते फुकट, आणि जुना कोड त्यावर चालता करायचा. ‘एवढंच आहे’, असं शेठ म्हणाले.

ज्यांचा या गोष्टींशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या मशीनची स्मरणशक्ती फार तोकडी. ती मोजतातही मीटरमध्ये, कारण पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून देत. ८० मीटर म्हणजे सुमारे ३२ हजार अक्षरं. साच्याचा प्रोग्रॅम मात्र लाखो अक्षरांचा. म्हणून तो सीरियल पोर्टच्या तारेतून घास-घास भरवावा लागतो. ही तार आरएस-२३२ नावाच्या पद्धतीची. ती १९६० च्या दशकातली. आमच्या मशीनचा वेग ४८०० होता. एका अक्षराला आगेमागे धरून ११ ठोके लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरं. मशीनचं पोट भरलं की ते १९ क्रमांकाचं अक्षर पाठवतं : थांब. पुन्हा भूक लागली की १७ क्रमांकाचं : दे.

जुना कोड सी भाषेत होता. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं, फक्त १९९६ हे साल. पण माणूस समजूतदार असावा. डॉसमध्ये प्रोग्रॅम आणि पोर्ट यांच्यामध्ये कुणी नसतं. त्यानं थेट पोर्टच्या पत्त्यावर एकेक अक्षर ठेवलं होतं आणि प्रत्येक अक्षराआधी ‘थांब’ आलंय का ते पाहिलं होतं.

लिनक्समध्ये पोर्टला हात लावायचा तर मधल्या यंत्रणेकडे अर्ज करावा लागतो. आणि या यंत्रणेला वाटतं, तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलाय! पोर्टच्या नावातलं ‘टीटीवाय’ म्हणजे टेलिटाइप, जुन्या काळचं तारेवरचं टंकलेखन यंत्र. त्यामुळे ती आपणहून माणसाची सोय बघते. ओळ पुरी होईपर्यंत अक्षरं अडवून धरते, ओळ संपवण्याची खूण बदलते, आलेलं सगळं परत पाठवून दाखवते. मशीनमधला प्रोग्रॅम संगणकात उतरवायला गेलो तर मशीनचेच शब्द मशीनच्या कानावर. आणि १७, १९ ही अक्षरं ती स्वतःच गिळते. जुना कोड १७ ची वाट बघत बसला तर बसूनच राहील. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं. एकेक सोय बंद केली, थांबण्या-देण्याचा व्यवहार तिच्यावर सोपवला, दोन दिवसांत मशीन चालू झालं.

खरी गोष्ट पुढेच. रात्रपाळीत मशीन मध्येच थांबू लागलं. पडद्यावर ०८७ नंबरचा अलार्म, कटर पोलादात तसाच रुतलेला. पोलादाचा ठोकळा महाग, गिऱ्हाइकाची तारीख जवळ आलेली. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा शेठच्या बोलण्याचा रोख बदलला. रात्री मशीनवर चाचा असत, जुन्या नाशकातले, साठीला आलेले. ‘म्हाताऱ्यानं काहीतरी दाबलं असेल’, असं ऑफिसात बोललं जाऊ लागलं. कारखान्यात बिघाडाचं कारण सापडेपर्यंत ते कुणाच्या तरी नावावर लागतं, आणि बहुधा जो खाली उभा असतो त्याच्या.

चाचा कुणाशी भांडले नाहीत. मला मशीनपाशी नेलं आणि म्हणाले, “बेटा, तेज चलती है तब कुछ नहीं होता. धीमी करो तो बंद पडती है.” वेगाचं बटण त्यांनी निम्म्यावर आणलं. थोड्याच वेळात ०८७.

कुणीही उलटंच समजलं असतं : वेग वाढला की बिघाड व्हायचा. पण मशीन भरभर कापतं तेव्हा येईल ते खाऊन टाकतं, ‘थांब’ म्हणायची वेळच येत नाही. सावकाश कापताना पोट भरतं आणि मग ते थांब म्हणतं. म्हणजे दोष थांबण्यात होता. फानुकच्या पुस्तकात ०८७ चा अर्थ दिलाय : थांब सांगूनही १० अक्षरांच्या पुढे अक्षरं येतच राहिली. दहाची सवलत, अकराव्याला माफी नाही. लिनक्सची यंत्रणा थांबत होती, पण तिनं आधीच पोर्टच्या चिपमध्ये १६ अक्षरांचा साठा भरून ठेवलेला असे. तो परत घेता येत नाही, निघूनच जातो. डॉसच्या कोडमध्ये हा साठा कधी चालूच केला नव्हता, म्हणून तेरा वर्षं कुणाला काही कळलं नाही.

उपाय एका ओळीचा. पोर्टची चिप जुन्या, साठा नसलेल्या जातीची आहे असं लिनक्सला सांगायचं. मग ती एका वेळी एकच अक्षर देते. चाचांनी वेग अगदी पाव केला आणि आम्ही तासभर समोर उभे राहिलो. अलार्म आला नाही.

मी शेठना कागदावर १० आणि १६ लिहून दाखवले, आणि चाचांनी काय सांगितलं तेही. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, चाचांना मात्र काही बोलले नाहीत. चाचांनीही विचारलं नाही. त्या महिन्यात त्यांची पाळी दिवसाची झाली.

आता नव्या संगणकाला सीरियल पोर्ट नसतोच. यूएसबीचा कन्व्हर्टर लावतात, आणि त्याच्या पोटातला साठा सोळापेक्षाही मोठा असतो. सातपूर-अंबडला अशी जुनी मशीनं अजून कामावर आहेत. कुणी बोलावलं तर मी कोड नंतर उघडतो. आधी ऑपरेटरला म्हणतो, जरा धीमी चालवून दाखवा.