पानासोबत अक्षरेही जपा

दुसरबीडसारख्या गावातही आता पीक विम्याच्या सूचना, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी, स्पर्धा परीक्षांच्या नोट्स लोक मोबाईलवरच वाचतात. रेंज नसली तरी हाताशी असावे म्हणून वेबपानाची पीडीएफ करून ठेवतात. सवय चांगली आहे. पण डिजिटल कागदपत्रे हा माझा कामाचा विषय असल्याने आग्रहाने सांगतो, मराठीसाठी तेवढ्याने भागत नाही.

पीडीएफ १९९३ मध्ये आली ती पान कुठल्याही संगणकावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. त्यामुळे तिच्यात मुख्यतः आकार आणि त्यांच्या जागा नोंदलेल्या असतात. कुठला आकार म्हणजे कुठले अक्षर, याचा तक्ता वेगळा जोडावा लागतो. रोमन लिपीत एका अक्षराला बहुधा एकच आकार, म्हणून तिथे सहसा अडत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टंकताना व्यंजनानंतर येते, दिसते मात्र आधी. जोडाक्षरात दोन-तीन वर्ण एकाच आकारात मिसळतात. तक्ता सदोष असेल तर पडद्यावर ‘विमा’ नीट दिसतो, पण कॉपी केल्यावर ‘िवमा’ उमटते आणि शोध घेतल्यावर काहीच सापडत नाही.

जुन्या मराठी संकेतस्थळांची अडचण नेमकी उलटी. युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पुढे कित्येक वर्षे आपली संकेतस्थळे शिवाजी, डीव्ही-टीटी योगेश अशा फॉन्टांवर चालली. त्यात रोमन चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. अशा पानाची एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या मूळ स्वरूपातली, प्रत फॉन्टशिवाय उघडली की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. तिथे फॉन्ट सोबत बांधून घेणारी पीडीएफच मजकूर वाचवते.

म्हणून दोन्ही प्रती ठेवा. रूपासाठी पीडीएफ, अक्षरांसाठी संगणकावरील क्रोममध्ये ‘सेव्ह पेज अ‍ॅज’मधली ‘सिंगल फाइल’ प्रत, जिच्यात मजकूर आणि चित्रे एकत्र राहतात. जतन केल्यावर एखादा शब्द शोधून पाहा, एक ओळ कॉपी करून पाहा. फाइलच्या नावात तारीख घाला आणि पानाचा पत्ता टिपून ठेवा. शासन निर्णय बदलतात, जुना कोणता हे नंतर कळत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मात्र उतरवलेल्या मूळ फाइलीतच ठेवा. त्याची पुन्हा ‘प्रिंट’मधून पीडीएफ केली तर स्वाक्षरीचे चित्र उरते, तिची पडताळणी होत नाही.

सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट आर्काइव्हलाही त्याचा पत्ता द्या. १९९६ मध्ये ब्रूस्टर केल यांनी उभारलेली ही संस्था कोणी सुचवलेले पानही जतन करते. २००९ मध्ये जिओसिटीज ही वैयक्तिक संकेतस्थळांची सेवा बंद झाली, तेव्हा अशा जतनामुळेच त्यातले बरेच काही वाचले. आपल्या गावांविषयी मराठीत लिहिलेली पाने मुळात थोडी आहेत. ती जपण्याची निकड आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला वाटणार नाही, म्हणून सुरुवात आपणच करायला हवी.