करोंदहून निघताना

भोपाळच्या उत्तरेस, बेरसिया मार्गावर, करोंद वसले आहे. येथील मंडीकडे जाणाऱ्या मालमोटारींची रस्त्यावर सतत वर्दळ असते. सांची, विदिशा, उदयगिरी पाहावयास निघालेली आम्हा भोपाळकरांची अनेक मराठी कुटुंबे याच बाजूने शहराबाहेर पडतात. सांची जेमतेम ४५ किलोमीटर. एवढ्याशा प्रवासाला कसली तयारी, असे कोणासही वाटावे.

परंतु करोंदच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर युनियन कार्बाइडचा कारखाना होता. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री तेथून विषारी वायू सुटला. सहस्रावधी लोक नेसत्या वस्त्रांनिशी पळाले. कित्येक वारा वाहत होता त्याच दिशेने धावले. ओले फडके नाकातोंडावर धरावे, एवढी साधी गोष्टही त्यांना कोणी आधी सांगितली नव्हती. सामानाच्या आधी माहिती हवी, हा धडा आम्हा भोपाळकरांना त्या रात्रीने दिला.

म्हणून निघण्यापूर्वी मुलांसकट सर्वांना ११२ आणि १०८ हे क्रमांक पाठ असावेत; चुकामूक झाल्यास कोठे थांबावयाचे, हेही ठरलेले असावे. मग पिशवी भरावी : पाणी, मोठे सुती फडके, विजेरी, कापूस, पट्ट्या, वडीलधाऱ्यांची नित्याची औषधे आणि साखर-मीठ. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे.

दशम्या आणि चटणी बांधावयास आपल्या घरांत कोणी शिकवावे लागत नाही. त्या शिदोरीशेजारीच, हाताशी येईल अशी, ही पिशवी ठेवावी.