ॲव्हरेज किती देते?

आमच्या धावड्यात कुणी नवी गाडी दारात उभी केली की तिला पहिला प्रश्न विचारतात तो ॲव्हरेजचा. रंग, चाके, कंपनी या गोष्टी माणूस डोळ्यांनीच पाहून घेतो. पण लिटरला किती जाते हे विचारल्यावाचून आलेल्या पाहुण्याला चहा गोड लागत नाही. नव्या सुनेला 'स्वयंपाक येतो का?' असे विचारीत असत, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. उत्तर काहीही आले तरी विचारणाऱ्याचे मत आधीच ठरलेले असते. २०२४ च्या पाडव्याला मी विजेवर चालणारी दुचाकी घेतली तेव्हा या प्रश्नाची मोठी पंचाईत झाली. लिटरच नाही, तर ॲव्हरेज कसले? 'एका चार्जिंगला किती जाते?' असे त्याचे रूपांतर व्हायला गावाला आठ दिवस लागले. आणि मला त्याचे खरे उत्तर सापडायला वर्ष लागले.

धावडा हे भोकरदन तालुक्याच्या उत्तर अंगाचे गाव. एका बाजूला अजिंठ्याच्या डोंगरांची रांग दिसते, आणि बुलढाणा जिल्ह्याची हद्दही फार दूर नाही. शिवारात मिरची, मका आणि कपाशी. यांपैकी कुठल्याही पिकाविषयी विचारा, शेतकरी एकच शब्द सांगेल, 'परवडत नाही.' दर वर्षी परवडत नाही आणि दर वर्षी मृगात तेच बियाणे पुन्हा रानात पडते. तेव्हा आमच्याकडे एखादी गोष्ट परवडते की नाही हा हिशेब वहीत मांडण्यासारखा सोपा नाही, हे मला लग्न होऊन या घरात आल्यापासून ठाऊक आहे. मी मात्र गणित शिकवते, त्यामुळे वही उघडल्याखेरीज मला राहवत नाही.

माझी शाळा गावापासून सतरा किलोमीटरवर आहे. विनाअनुदानित शाळा, पगार बारा हजार. २०२४ च्या उन्हाळ्यात घरात जवळजवळ असे ठरत आले होते की मी ही नोकरी सोडावी. कुणी मोठ्याने बोलले नाही. आमच्या घरातले मोठे निर्णय दूध विरजते तसे रात्रीतून, आवाज न करता होतात. सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, धाकटीचे दहावीचे वर्ष पुढे होते, आणि मी सकाळी नऊला घर सोडून संध्याकाळी सातला परतत होते. एस.टी.वर माझा राग मुळीच नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा भाड्याची चिंता तर निम्मीच उरली होती. बस आपल्या वेळेला येई आणि आपल्या वेळेला जाई. माझी शाळाच त्या दोन वेळांच्या मध्ये अशी काही बसली होती की सकाळी सव्वा तास आधी पोचायचे आणि संध्याकाळी सव्वा तास फाट्यावर थांबायचे. दहा तास बाहेर राहून शिकवायचे सहा तास.

म्हणून मी वही उघडली. रोजचे चौतीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेआठशे किलोमीटर. एस.टी.चे अर्धे तिकीट धरून महिन्याला आठशे रुपयांच्या आतबाहेर. पेट्रोलची गाडी घेतली तर सतरा-अठरा लिटर, म्हणजे अठराशे रुपये, आणि शिवाय गाडीचा हप्ता. विजेच्या गाडीचे गणित थोडे गमतीचे निघाले. दोन युनिटांची बॅटरी. भरताना काही वीज उष्णतेत जाते म्हणून सव्वादोन धरा. महिन्याला पंचवीस-सव्वीस युनिट. परंतु आपल्याकडे घरगुती विजेच्या दराला पायऱ्या आहेत. पहिली शंभर युनिटे स्वस्त आणि त्यापुढची चढ्या दराची. आमचे घर नव्वदीच्या जवळपास वीज जाळते. म्हणजे गाडीची बहुतेक वीज वरच्या पायरीवर जाऊन बसणार. हे दुकानातला माणूस सांगत नाही, कारण त्याने आमचे बिल पाहिलेले नसते. तरीसुद्धा तीनशे रुपयांच्या वर जात नव्हते. मात्र वीस हजार आधी भरून उरलेल्याचा हप्ता दोन हजारांच्या थोडा वर, आणि तोही तीन वर्षे.

थोडक्यात, वही एस.टी.च्या बाजूने होती. महिन्याला दीड हजार रुपये जास्त मोजायचे ते कशासाठी? रोजचे अडीच तास वाचणार होते. भागाकार केला. तासाला पंचवीस रुपये पडले. शाळा मला तासाला ऐंशी रुपये देत होती. तेव्हा सौदा वाईट नव्हता. मी हे मोठ्या अभिमानाने सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हंजे आपलाच येळ आपनच इकत घ्यायचा?" या प्रश्नाला गणितात उत्तर नाही. मी वही मिटली.

त्यांचे स्वतःचे मूल्यमापन वेगळे होते. "येवढ्या पैशात एक म्हैस आली असती. म्हैस दोन टाइम दूध देती, वरून रेडकू देती. ही काय देती?" आमच्या यांनी यावर मान डोलावली, पण दोन्ही बाजूंना डोलवता येईल अशा बेताने डोलावली.

बाजारात पाहावे तर विजेच्या गाड्यांत वर्णव्यवस्था आहे. सर्वांत स्वस्त त्या ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतल्या. त्यांची मोटर अडीचशे वॉटपर्यंतच असते, म्हणून त्यांना लायसन लागत नाही, नंबरही लागत नाही. किंमत ऐकून मन वळते. पण सतरा किलोमीटरला पाऊण तास, मागे कपाशीचा ट्रक हॉर्न देतो आहे, आणि खाली जुन्या पद्धतीची शिशाची जड बॅटरी, जी दीड-दोन वर्षांत मान टाकते. हे सगळे डोळ्यांपुढे आणले की स्वस्त या शब्दाची चव जाते. गावातल्या गावात दळण आणायला ती गाडी उत्तम. वरच्या टोकाला लाख-दीड लाखाच्या गाड्या. त्यांना मोबाइलसारखा पडदा असतो आणि त्यावर नकाशा दिसतो. सतरा किलोमीटरच्या एकाच सरळ रस्त्यावर मी नकाशा काय पाहणार? मला मधली हवी होती. लिथियमची बॅटरी, ताशी पन्नासचा वेग, पाय ठेवायच्या जागी एक पिशवी मावेल एवढी जागा. त्या वर्षी केंद्र सरकार बॅटरीच्या दर युनिटला पाच हजार सूट देत होते. माझ्या वाट्याला दहा हजार आले. ही सूट २०२१ च्या जूनमध्ये युनिटला पंधरा हजार होती, २०२३ च्या जूनपासून ती दहा हजार झाली. उशिरा शहाणे होणाऱ्याला सरकार नेहमीच थोडे कमी देते. माझ्या गाडीच्या कंपनीचे नाव मी सांगत नाही. त्याचा मोबदला मला कुणी देणार नाही आणि पुढे काही तक्रारीही यायच्या आहेत.

शोध चालू असताना एक गोष्ट ध्यानात आली. बजाजची चेतक आणि फिरोदियांची लूना या दोघी एकाच वर्षी, १९७२ साली आल्या. एके काळी चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि लूनावर बसून कितीतरी शिक्षिकांनी आपली नोकरी पार पाडली. दोघीही कालांतराने बंद पडल्या आणि दोघींनी विजेवर पुनर्जन्म घेतला. चेतकने २०२० च्या जानेवारीत, लूनाने २०२४ च्या फेब्रुवारीत. मी हे कौतुकाने वाचून दाखवले. सासूबाईंनी फक्त साल ऐकले. "बाहात्तर?" म्हणाल्या, "बाहात्तरला मी बारा वर्साची व्हते. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात व्हतो."

ज्या वर्षी या गाड्या निघाल्या त्या वर्षी आमच्या भागातल्या पोरी आईच्या मागून अनवाणी चालत कामावर जात होत्या. तिथे सुकडी मिळे, घरी लाल मिलोची भाकरी. त्यांनी फोडलेल्या खडीचा रस्ता माझ्या शाळेच्या वाटेवरच लागतो. दोन-तीन किलोमीटरचा तुकडा आहे. त्यावर डांबराचे किती थर चढले असतील कोण जाणे. सासूबाई अजून त्याला 'आमचा रस्ता' म्हणतात. गाडीविषयी त्यांचे मन नेमके केव्हा वळले हे मला सांगता येणार नाही. एवढे खरे की त्या संध्याकाळनंतर म्हशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

शेजारपाजारच्यांना भीती आगीची. २०२२ साली ठिकठिकाणी विजेच्या गाड्या पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या कुणी विसरले नव्हते. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, हे सांगून कुणाचे समाधान होईना. शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त एस.टी. चालकाने निकाल दिला. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली. "एवढी मोठी बस जाते, तर मॅडमची एवढीशी गाडी जाईना का?" असे ते म्हणाले. युक्तिवाद म्हणून हा लंगडाच आहे, पण स्टिअरिंग धरलेल्या माणसाचे म्हणणे गावात चालते.

गाडी यायच्या आधी वायरमन आला. त्याने घरातले अर्थिंग तपासले आणि कपाळाला हात लावला, अर्थिंग नव्हतेच. मग अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून लोखंडी पाइप, मीठ आणि कोळसा घालून नवे अर्थिंग केले. जाताना बजावून गेला की उन्हाळ्यात या खड्ड्यात पाणी घालीत जा, जमीन कोरडी पडली तर अर्थिंग काम करीत नाही. तेव्हापासून सासूबाई सकाळी तुळशीला एक तांब्या घालतात आणि दुसरा अर्थिंगला. हात जोडतात तो तुळशीला. निदान माझी तशी समजूत आहे.

आता त्या ॲव्हरेजविषयी. कंपनी म्हणते एकशे दहा किलोमीटर. कंपनी खोटे बोलते असे मी म्हणणार नाही. चाचणी ठरावीक वेगाची, ठरावीक ओझ्याची असते, आणि त्या चाचणीत आमचे खड्डे, समोरचा वारा आणि वह्यांचा गठ्ठा धरलेला नसतो. एकटीने, जपून चालवली तर ऐंशी. रोजच्या घाईत पंचाहत्तर. मागे सासूबाई आणि पुढे मिरचीचे पोते असले तर साठ. दोन दिवसांच्या शाळेला एक चार्जिंग पुरते. पण दुसऱ्या दिवशी परतताना काट्यावरचे शेवटचे वीस टक्के फार लवकर सरतात. पगाराच्या शेवटच्या आठवड्यासारखे. शिवाय संध्याकाळी आमच्याकडे लाईट असेलच असे नाही. (आम्ही विजेला लाईटच म्हणतो, पंप लाईटवर चालतो आणि गिरणीही लाईटवरच.) म्हणून मी एक दिवस पुढची बॅटरी हाताशी ठेवते, जसे जुन्या बायका एका दिवसाचे पीठ डब्यात राखून ठेवीत.

तक्रारी दोन. पहिली पंक्चरची. मोटर मागच्या चाकातच बसवलेली, त्यामुळे चाक खोलायचे म्हणजे वायरी सोडवायच्या. आमच्या पंक्चरवाल्या मामूंनी पहिल्या वेळी चक्क हात जोडले. दुसऱ्या वेळी चाक न काढताच टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढली आणि चिकटवून दिली. आता ते आसपासच्या गावांत या कामाचे तज्ज्ञ झाले आहेत. दुसरी तक्रार मोठी. दुरुस्तीचे केंद्र जिल्ह्याच्या गावी, आणि ते गाव एका चार्जिंगच्या पलीकडे. पावसाळ्यात चार्जर बिघडला तेव्हा माझी गाडी मक्याच्या टेम्पोत बसून दवाखान्यात गेली आणि अकरा दिवसांनी परत आली. ते अकरा दिवस मी पुन्हा अर्ध्या तिकिटावर होते. स्वस्त गाडी घेणाऱ्याने किंमत, बॅटरी आणि वेग यांच्या आधी हे अंतर मोजावे, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बहुतेक जण ऐकून घेतात आणि 'ॲव्हरेज किती देते?' म्हणून विचारतात.

आणि ते वाचलेले अडीच तास? ते घराने पंधरा दिवसांत गिळून टाकले. मी लवकर येते म्हटल्यावर संध्याकाळची धार माझ्याकडे आली, मग धाकटीचे बीजगणित, मग वेचून आणलेल्या मिरच्यांची निवड. फाट्यावर थांबण्याच्या त्या सव्वा तासात मी वह्या तपाशीत असे, पुस्तक वाचीत असे, बाजारहून परतणाऱ्या बायकांशी बोलत असे. तो वेळ कुणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून माझा होता. हे माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात बसले नव्हते. तरी धाकटी दहावीला गणितात पहिल्यांदा ऐंशीच्या वर गेली, आणि नोकरी सोडण्याची गोष्ट विरजलेली होती ती पुन्हा कुणी ढवळली नाही.

मात्र गाडीच्या पुस्तकात एक वाक्य आहे. लांबून आल्याबरोबर बॅटरी चार्जिंगला लावू नये, निदान अर्धा तास गार होऊ द्यावी. मी ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांना ते कुणी समजावून सांगावे लागले नाही. कामावरून तापून आलेल्या बैलाला लगेच पाणी दाखवत नाहीत, हे त्या लहानपणापासून जाणतात. तेव्हापासून मी आले की त्या दारातूनच घराला दटावतात, "थांबा रे, गाडी गार व्हऊ द्या आधी." मी गाडीजवळ ओट्यावर बसते. कुणी हाक मारीत नाही. चहा तिथेच येतो. शाळेच्या वाचनालयातली तीन जाड पुस्तके गेल्या पावसाळ्यात त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत संपली.

थंडीच्या दिवसांत बॅटरी दहा मिनिटांतच गार होते. ते पुस्तकात लिहिलेले नाही, आणि मीही घरात अजून कुणाला सांगितलेले नाही.